टोपल्यातून पाठवलेले संदर्भ

ग्रंथपाल होते असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास म्हणतो, "मग तर तुम्ही सगळी पुस्तकं वाचली असतील." नोकरीत असेपर्यंत मी यावर नुसती हसायचे, कारण हसण्याचा अर्थ ज्याचा त्याने लावायचा असतो. आता निवृत्त झाले आहे, दिवाळी अंकाने चार पानंही दिली आहेत, तर खरं सांगून टाकते. नाही वाचली. आमच्या मूल गावच्या राइस मिलमधला माणूस दिवसभर तांदूळ हाताळतो, म्हणून काही प्रत्येक पोत्यातला मूठभर घरी नेऊन शिजवून बघत नाही. पुस्तक आलं की मी नाव बघायचे, अनुक्रमणिका बघायचे, क्रमांक टाकायचे आणि जागेवर ठेवून द्यायचे. लेख असेल तर त्याचा गोषवारा वाचायचे. गोषवारा म्हणजे लेखात काय आहे ते आठ-दहा ओळींत सांगणारा मजकूर. लेखकाने तेवढे कष्ट घेतलेच आहेत, तर पुढचं आपण कशाला वाचायचं, असा माझा सरळ विचार होता.

या सवयीचा मला चांगलाच अभिमान होता. ती कशी मोडली ते सांगायला बसले आहे.

आमचं ग्रंथालय कॉलेजच्या पहिल्या मजल्यावर होतं. खाली ऑफिस, प्राचार्यांची खोली आणि खेळाच्या सामानाची भली मोठी खोली, जिच्यात दोन कॅरम आणि एक फाटकी जाळी राहत असे. वर आम्ही. आम्ही म्हणजे मी आणि देवाजीभाऊ. देवाजीभाऊ ग्रंथालयाचे परिचर, माझ्या आधीपासून तिथे असलेले. पुस्तकं काढणं, लावणं, झटकणं हे सगळं त्यांच्याकडे. मोसमात मिलचा तूस खिडकीतून आत येऊन पुस्तकांवर बसायचा. लांब काठीला फडकं बांधून तो झटकता झटकता देवाजीभाऊ म्हणायचे, "बाई, ज्ञानापरीस तूसच जास्त झाला इथी."

माझं टेबल दाराशीच. येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच प्रश्न विचारायचे, "काय पाहिजे?" ज्याला सांगता येईल त्याला पाच मिनिटांत वस्तू हातात. ज्याला सांगता येणार नाही त्याने परत जायचं, ठरवायचं आणि मग यायचं. उगाच कपाटांमधून भटकणारी माणसं मला चालत नसत. पुस्तक काढतात, दोन पानं चाळतात आणि भलत्याच फळीवर खुपसून ठेवतात. मग ते पुस्तक वर्षभर हरवतं.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. एका सरांना शोधनिबंधासाठी वीस संदर्भ हवे होते. कशावर, असं विचारलं तर म्हणाले, "कोणतेही द्या हो. फक्त नवीन असू द्या आन् इंग्रजी असू द्या." दुसरे एक सर निळ्या कव्हरचं जाड पुस्तक मागत होते. मागल्या वर्षी याच टेबलावर पाहिलं होतं म्हणे, फार उपयोगी होतं. दोन दिवस सगळी कपाटं उपसल्यावर कळलं की ते आमचं हजेरीचं रजिस्टर होतं.

अशा दिवसांत एकदा दुपारी खिडकीखाली हॉर्न वाजला. एकदा, दोनदा, मग वाजतच राहिला. मी तावातावाने खिडकीत गेले. खाली बाजूला दोन जास्तीची चाकं लावलेली स्कूटी, तिच्यावर तिशीतली एक मुलगी, मागे दोन कुबड्या बांधलेल्या.

"बाई, खाली येता का थोडं?" ती म्हणाली. "मले काई वर येता येत नाई."

ही कुंदा गेडाम. नागभीडजवळच्या खेड्यातली, नागभीडच्याच ज्युनिअर कॉलेजात समाजशास्त्र शिकवणारी. लहानपणी पोलिओने दोन्ही पाय गेलेले. लोखंडी पट्ट्यांचे बूट घालून कुबड्यांवर सपाट जमिनीवर चालायची, पण जिना म्हटला की संपलं. तिला पीएचडी करायची होती. धानाची रोवणी, म्हणजे भाताची लावणी, करणाऱ्या गावांत अपंग बायका काय काम करतात आणि त्या कामाला गावात काम म्हणतात का, असा विषय होता. त्यासाठी जगभरातले लेख हवे होते आणि नागभीडपासून जवळात जवळ, लेख शोधून देणारी म्हणून नाव असलेली बाई मीच होते. हे तिने सांगितलं तेव्हा मला बरं वाटलं, हे कशाला लपवू.

चार दिवसांत मी छान जाडजूड गठ्ठा तयार केला आणि खाली घेऊन गेले. कुंदाने वरची पानं चाळली. पोलिओ, त्याचे स्नायूंवर होणारे परिणाम, शस्त्रक्रिया, बूट.

"बाई," ती म्हणाली, "माह्या पायाले काय झालं ते मले माहीत आहे. तो विषय माह्या मायनं डॉक्टरांसंगं भांडून कवाचाच संपवला."

मी गठ्ठा परत नेला. बाहेरच्या माणसाला हा फरक लक्षात येत नाही, मलाही आला नव्हता, म्हणून सांगते. अपंगत्वाबद्दल लिहिणारे दोन तऱ्हेचे लोक असतात. डॉक्टर विचारतो, या माणसाच्या पायाचं काय बिघडलं. अपंगत्व अभ्यास नावाचा जो विषय आहे तो विचारतो, इथे पायरी कोणी बांधली आणि कोणाला डोळ्यांसमोर ठेवून बांधली. हे मी एका गोषवाऱ्यात वाचलं आणि मला इतकं आवडलं की तोंडपाठच केलं. पुढे कोणीही विचारलं की मी हे ऐटीत सांगायचे. आमच्या जिन्याला बावीस पायऱ्या होत्या हे मात्र माझ्या कधी मनात आलं नाही. रोज चार वेळा चढत-उतरत होते तरी.

शोधायचं कसं, तेही थोडं सांगते. संगणकावर शब्द टाकला की लेख येतात, असं लोकांना वाटतं. येतात, पण नको ते. शिवाय या विषयाचा एक वेगळाच वांधा आहे. आज जे शब्द उच्चारायलाही लाज वाटते, तेच शब्द टाकल्याशिवाय जुने लेख वर येत नाहीत, कारण त्या काळी विद्वान लोकही तसंच लिहायचे. मी कुंदाला चाचरत विचारलं की हे असले शब्द टाकू का.

"टाका ना बाई. मले गावात रोज ऐकू येते, तुम्हाले टाइप करायले काय झालं?"

एक चांगला लेख मिळाला की मग खरी मजा. आमच्या जंगलातले वनमजूर पाणवठ्यावर एक पंजा दिसला की जनावर आलं कुठून आणि गेलं कुठे, दोन्ही सांगतात. लेखाचंही तसंच. शेवटी दिलेल्या यादीवरून मागे जायचं, म्हणजे लेखकाने कोणाला वाचलं ते कळतं. मग त्या लेखकाला पुढे कोणी वाचलं ते शोधायचं. असे चार माग काढले की कळप सापडतो. जो लेख कुलूपबंद असेल, तो मिळवायची माझी युक्ती अगदी गावंढळ होती. सरळ लेखकालाच पत्र पाठवायचं. जगात कोणीतरी आपला लेख मागितला याचा लेखकाला इतका आनंद होतो की विचारू नका. सातासमुद्रापलीकडच्या एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी एक लेख मागितला तर सात पाठवले, वर विचारलं की तुमच्याकडे यंदा धान कसं आहे. मी कळवलं की बरं आहे, पण तुडतुड्यांचा त्रास आहे. तुडतुडे म्हणजे धानावरचे किडे हे त्यांना समजावता समजावता आमची दोन वर्षं पत्रं चालू राहिली.

फसवणूकही होतीच. दोन दिवसांत लेख छापून देणारी मासिकं निघाली आहेत. अशा एका मासिकात अपंग महिलांवरचा एक लेख मिळाला. कुंदाने वाचायला घेतला तर तिसऱ्या पानापासून त्यात शेळीपालन सुरू झालं ते शेवटपर्यंत. कुंदा म्हणाली, "राहू द्या, माह्या मामाले कामी येते."

आता टोपल्याकडे येते. कुंदा महिन्यातून दोनदा यायची. दर वेळी खाली-वर करून देवाजीभाऊंचे पाय भरून यायचे, माझे तर गुडघे तेव्हाच बोलायला लागले होते. एक दिवस देवाजीभाऊंनी घरून बांबूचं टोपलं विणून आणलं. चांगलं खोलगट, काठाला दोन कड्या, कड्यांना सुताची दोरी. कुंदाने दोनदा हॉर्न वाजवायचा, वरून टोपलं सोडायचं. त्यात लेखांच्या छापील प्रती, कधी पुस्तक, परत करायच्या पुस्तकांची यादी. कुंदा रिकामं टोपलं कधी वर पाठवायची नाही. वालाच्या शेंगा, बोरं, एकदा तर भाजीसाठी लाखोळीच्या कोवळ्या पाल्याची जुडी. शेंगांची एक अळी एकदा संदर्भग्रंथावर फिरताना सापडली.

टोपलं आमच्या कॉलेजात फार गाजलं. हॉर्न वाजला की पोरं-पोरी गॅलरीत जमायच्या. गावातल्या बातमीदाराने फोटो काढून बातमी छापली, 'अपंग संशोधिकेसाठी ग्रंथालयाचा अभिनव उपक्रम'. फोटोत मी दोरी धरून अशी उभी आहे, जणू विहिरीतून कोणाला वाचवते आहे. कॉलेज तपासायला समिती आली तेव्हा प्राचार्यांनी टोपलं दाखवायला मुद्दाम देवाजीभाऊंना नवी दोरी लावायला सांगितली. समितीने कौतुक केलं. मी बातमीचं कात्रण माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवलं, येणाऱ्याला दिसेल असं.

मधूनच कुंदा खालून विचारायची, "बाई, वर कपाटं कशी लावली आहेत हो? शेती कुठी, समाजशास्त्र कुठी?" मला वाटायचं, पोरगी गप्पिष्ट आहे.

आणि मग विद्यापीठाचं पत्र आलं. कुंदाचा संशोधन-आराखडा तिथल्या समितीने परत पाठवला होता. जगभरातले संदर्भ आहेत, पण या भागातल्या धानशेतीच्या गावांवर आधी काही काम झाल्याचा एकही आधार नाही. तो पंधरा दिवसांत द्यावा, नाहीतर नोंदणी रद्द समजावी. ही समितीची जुनी खोड. कोणीच काम केलं नसेल तर म्हणतात पाया कुठे आहे, आणि कोणी केलं असेल तर म्हणतात मग तुम्ही नवीन काय करणार.

कुंदा पत्र घेऊन आली तेव्हा तिचा नेहमीचा तोरा नव्हता. गाईडची निवृत्ती जवळ आली होती. नोंदणी गेली तर पुन्हा परीक्षा, पुन्हा नवा गाईड, आणि तिच्या विषयाला हात लावणारा दुसरा गाईड जिल्ह्यात नव्हता. "बाई, हे गेलं तर गेलंच," एवढंच म्हणाली.

मी कंबर कसली. संगणकावर असतील नसतील ते सगळे शब्द टाकून पाहिले, नवे, जुने, लाजिरवाणे. चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर, जिथे जिथे ओळखीचे ग्रंथपाल होते तिथे फोन केले. हेमलकशाकडून आलेल्या एका ओळखीच्या नर्सबाईंनाही विचारलं. आजारांवर बरंच होतं. कामावर काही नाही. दहाव्या दिवशी मी ग्रंथालयाच्या कागदावर, सहीशिक्क्यासह लिहून दिलं की या विषयावर या भागातला पूर्वीचा लेख उपलब्ध नाही. ग्रंथपालाने 'नाही' लिहून देणं म्हणजे मोठी गोष्ट. मी तो कागद टोपल्यात ठेवला आणि खाली सोडला.

कुंदाने वाचला. वर पाहिलं.

"बाई, मले एकदा वर येऊ द्या."

"कशाले त्रास करून घेतं? काय पाहिजे ते सांग ना, टोपल्यात पाठवतो," मी म्हटलं.

"काय पाहिजे ते मले माहीत असतं तर सांगितलं नसतं का?"

देवाजीभाऊ म्हणाले, आपण चार पोरं बोलावू, खुर्चीत बसवून उचलून आणू. कुंदाने मान हलवली. "एक डाव लग्नात असंच उचलून नेलं होतं, भाऊ. सारे नवरदेवाले सोडून मलेच पाहत होते." ती जिन्याशी आली, पहिल्या पायरीवर पाठमोरी बसली, बुटांच्या पट्ट्या सैल केल्या आणि हातांवर जोर देऊन दुसऱ्या पायरीवर सरकली. मग तिसऱ्या. पाय मागून ओढले जात होते. देवाजीभाऊ कुबड्या घेऊन एक-एक पायरी तिच्याबरोबर चढत होते. मी वरच्या टोकाला उभी होते आणि मला काय करावं ते कळत नव्हतं. दोरी धरायची सवय असलेल्या हातांना तिथे काही काम नव्हतं.

ती मोठ्याने पायऱ्या मोजत होती. अकराव्या पायरीवर थांबून म्हणाली, "बाई, ही पायरी फुटून आहे. पाय नसतील त्याले लवकर दिसते." मी त्या पायरीवरून इतकी वर्षं चढत होते.

बावीस झाल्यावर ती दाराशी पोचली. घामाने डबडबलेली, साडीला मागून जिन्यातली सगळी धूळ लागलेली. माझ्या तोंडून सवयीने निघणारच होतं, काय पाहिजे? जीभ चावली. कुंदा उठली नाही. तशीच बसल्या बसल्या हातांनी सरकत कपाटांमधल्या वाटेत शिरली. समाजशास्त्रापाशी थोडं थांबली, पुढे गेली. आम्ही दोघं मागे. शेतीच्या कपाटापाशी ती थांबली आणि सगळ्यात खालच्या फळीकडे पाहू लागली.

त्या फळीची गोष्ट सांगायला हवी. आमच्या धंद्यात एका पुस्तकाला एकच जागा असते. पुस्तकात दहा विषय असोत, क्रमांक एकच, फळी एकच. आणि जी पुस्तकं उंचीने जास्त, नेहमीच्या फळीत न बसणारी, ती तळाला आडवी ठेवायची. तळाच्या फळीपाशी वाकणं माझ्या गुडघ्यांनी कधीच सोडलं होतं. देवाजीभाऊंचं फडकं काठीला बांधलेलं, तेही वरून फिरायचं. थोडक्यात, त्या फळीकडे वर्षानुवर्षं माणसाने पाहिलंच नव्हतं. जमिनीवर बसलेल्या माणसाला मात्र तीच फळी पहिली दिसते.

कुंदाने एक लांबट, बांधीव खंड ओढून काढला. वरचा तूस फुंकला. आमच्याच कॉलेजचं जुनं वार्षिक संशोधनपत्र, टंकलिखित, मी नोकरीला लागले त्या सुमारास बांधून घेतलेलं. आत एक लेख होता. तेव्हाच्या समाजशास्त्राच्या एका सरांनी विद्यार्थ्यांना घेऊन जवळच्या एका गावची अख्खी रोवणी पाहिली होती आणि कोण काय काम करतं ते लिहून काढलं होतं. शीर्षक होतं, रोवणीच्या कामाची वाटणी. कुंदा पान उलटत गेली आणि मग मोठ्याने वाचायला लागली.

त्यात लिहिलं होतं की चिखलात उभं राहता येत नाही अशा तीन बायका बांधावर बसून पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, जुड्या बांधतात. त्यांचा हात जितका चालेल तितकी बांधीतल्या, म्हणजे खाचरात उभ्या, बायकांची रोवणी चालते. त्यातली एक जन्मापासून पायाने अधू. आणि पुढे, गावात अपंग कोणी आहे का असं विचारलं असता, कोणी नाही असं उत्तर मिळालं.

कुंदाने वाचणं थांबवलं. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसतही होती. "कोणी नाई म्हणे," ती म्हणाली. "बाई, हाच तर माहा विषय आहे."

मी खंड हातात घेतला. पहिल्या पानावर क्रमांक होता, विषय होता 'शेती', आणि अक्षर माझंच होतं. शीर्षक पाहून मी तो शेतीत टाकला होता. आतलं एक पान वाचलं असतं तर दहा दिवस शोधावं लागलं नसतं. मघाचा 'उपलब्ध नाही' असा कागद कुंदाच्या पिशवीतून डोकावत होता. मी तो काढून घेतला आणि फाडला.

लेखाची प्रत समितीकडे गेली, नोंदणी वाचली. लेख सापडला त्या दिवशी कुंदा बावीस पायऱ्या तशीच उतरली. उतरणं चढण्यापेक्षा सोपं आहे म्हणाली, मला तसं दिसलं नाही.

तिला पाठवलेल्या प्रत्येक लेखाची एक प्रत मी फाइलीत ठेवत असे. ती गेल्यावर मी फाइल काढली आणि नोकरीत पहिल्यांदा एक लेख गोषवाऱ्याच्या पुढे वाचला. परदेशातल्या एका सरकारी कचेरीवर होता. तिथले कर्मचारी इतके प्रेमळ, की कोणी अपंग माणूस आला की धावत खाली येत, त्याचे कागद वर नेत, सही करून आणून देत. लेखिकेने लिहिलं होतं की त्या प्रेमामुळेच तिथे कधी उतार बांधला गेला नाही, कारण कोणाला त्याची गरजच वाटली नाही. हा लेख मी स्वतः शोधला होता, स्वतः छापला होता आणि टोपल्यातून पाठवला होता.

मला माझे आजोबा आठवले. ते शाळेच्या ओट्याखाली बसून शिकले. ओट्यावर चढायची त्यांना परवानगी नव्हती, मास्तर पाटी वरून टाकायचे. मास्तर चांगले होते, असं आजोबा नेहमी सांगायचे. इतरांनी तर पाटीही दिली नसती. ते सांगताना त्यांचा चेहरा कसा व्हायचा ते मी लहानपणी पाहिलं होतं. त्यांची नात ओट्यावर पोचली आणि वरून टोपलं सोडायला लागली, वर फोटोही काढून घेतला. मला फार लाज वाटली. काचेखालचं कात्रण मी तेव्हाच काढलं.

पुढच्या वेळी कुंदा आली तेव्हा मी खाली गेले आणि तिची माफी मागितली. आधी का बोलली नाहीस, असंही विचारलं.

"तुम्ही एवढ्या खुशीत टोपलं सोडत होत्या, माह्या तोंडातून निघालंच नाई," ती म्हणाली. "हे पाहा बाई, टोपलं नसतं तर मी पहिल्याच वर्षी हे सोडून दिलं असतं. आन् टोपलं होतं म्हणून जिन्याचं कोणी बोललंच नाई. दोन्ही खरं आहे. रडू नका आता, पोरं पाहून राह्यले."

मी प्राचार्यांकडे गेले. ग्रंथालय खाली आणा म्हटलं. ते म्हणाले, "बाई, इतक्या वर्षांत एक तरी तक्रार आली का? तक्रारवही बघा, कोरी आहे."

"तक्रारवही वर आहे, सर," मी म्हटलं.

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. तरीही दोन वर्षं लागली. आधी खेळाचे सर रुसले, कारण त्यांचे दोन कॅरम कुठे जाणार हा मोठाच प्रश्न होता. मग वीजवाल्याने वेळ लावला. शेवटी एका सुट्टीत देवाजीभाऊ आणि एनएसएसच्या पोरांनी मिळून सगळी पुस्तकं खाली खेळाच्या खोलीत आणली. उतरवताना ती इतकी मिसळली की शेतीत कविता आणि कायद्यात स्वयंपाक निघायला लागला. मी आयुष्यभर जपलेली रचना एका दुपारात पार विस्कटली. ती पुन्हा लावता लावता मी अधूनमधून एखादं पुस्तक उघडून वाचू लागले, त्यामुळे काम आणखी लांबलं. नव्या ग्रंथालयाच्या दाराशी होत्या त्या दोन पायऱ्यांवर देवाजीभाऊंनी गवंड्याच्या मागे लागून उतार करून घेतला. टोपलं ते घरी घेऊन गेले, आता त्याच्यात त्यांची कोंबडी अंड्यांवर बसते.

माझ्या निवृत्तीच्या दिवशी कुंदा आली. तेव्हा तिची पीएचडी होऊन गेली होती. निरोपाची भाषणं अजून व्हायची होती, मी शेवटचं म्हणून दाराशी माझ्या टेबलावर बसले होते. कुबड्यांचा आवाज करत ती उतारावरून आत आली, मला मान हलवून थेट कपाटांकडे गेली. एका वाटेतून दुसऱ्या वाटेत. एखादं पुस्तक काढायची, उभ्या उभ्याच चाळायची, आणि देवा, भलत्याच फळीवर खुपसून ठेवायची. अर्धा तास झाला, पाऊण झाला. हातात काहीच नाही. बाहेरून मला हाका यायला लागल्या. शेवटी राहवेना.

"कुंदा, काय पाहिजे गं?"

कपाटाच्या आडून तिचा आवाज आला.

"काई नाई, बाई. पाहून राह्यली."

मी बाहेरच्यांना खूण केली की भाषणं थोडी थांबवा, आणि बसून राहिले.